कोलंबियाच्या सात जणांचं वॉल हँगिंग: दाजी पेठेतल्या हातमागावरून

आधी गुण देऊन टाकते. विणकामाला पाचपैकी पाच. वेळ पाळण्याला दोन. चहाला साडेचार, अर्धा साखरेसाठी कापला.

मी सोलापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत कल्पना चावलाचा एक कॅलेंडरवरून कापलेला फोटो होता. पश्चिमेच्या उन्हानं तो इतका विटला, की आठवीच्या एका पोरानं विचारलं, "बाई, ह्या कोण? जुन्या मुख्याध्यापिका का?" त्याच दिवशी ठरवलं, नवीन काहीतरी करायचं. फ्लेक्स स्वस्त पडला असता, पण आपल्या गावात फ्लेक्सवर चढलेला माणूस पंधरा दिवसांत उतरतो. म्हटलं, सोलापुरात राहून भिंतीवर लावायला प्लॅस्टिक कशाला?

दुकान दाजी पेठेतल्या एका बोळात आहे. पुढं टॉवेल, नॅपकीन, चादरी. मागच्या खोलीत दोन हातमाग, त्यातला एक बंद. मालक आणि विणकर एकच, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. नाव छापू नको म्हणाले. "दहा ऑर्डरी एकदम आल्या तर मी कुठं पळू?" फोटो दिला की ते आधी ग्राफ पेपरवर चौकटी रंगवतात आणि त्या बघून एकेक रंग हातानं भरत जातात. अठरा बाय तीस इंचाला ३,२०० रुपये, हजार ॲडव्हान्स. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर दिली, १ फेब्रुवारीच्या आत हवं म्हणून सांगितलं.

मला कल्पनाचा चेहरा आणि खाली नासाच्या कोलंबिया यानाच्या अपघातात गेलेल्या सातही जणांची नावं हवी होती. अण्णांना ते पटेना. "चेहरा करतो की झकास. बाकीचे सहा कोण? आपले आहेत का?"

आता ह्याचं काय उत्तर द्यायचं? तसं बघितलं तर कल्पनासुद्धा कागदोपत्री अमेरिकेचीच नागरिक होती. जन्म कर्नालचा, शिक्षण चंदिगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात, पुढचं सगळं तिकडं. आपण तिला आपली म्हणतो आणि म्हणावंच. पण त्या यानात बसलेल्या सातांतून आपली तेवढी वेचून हार घालायचा, हे मला लग्नपत्रिकेत फक्त आपल्या भावकीची नावं छापण्यासारखं वाटतं. मी हट्ट धरला. अण्णांनी नावांचे शंभर रुपये वाढवले.

मधे दोनदा बघायला गेले. दुसऱ्या खेपेला अण्णांनी माग चालवता चालवता विचारलं, नेमकं झालं काय होतं? मी वर्गात सांगते तसंच सांगितलं. १६ जानेवारी २००३ ला यान उडालं. साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आपटला आणि तिथं भोक पडलं. फोम आधीच्या उड्डाणांतही पडलेला, त्यामुळं तो सवयीचा झाला होता. सातही जण पंधरा-सोळा दिवस वर प्रयोग करत राहिले. १ फेब्रुवारीला परत येताना त्या भोकातून तापलेला वायू पंखात शिरला आणि उतरायला सोळा मिनिटं उरली असताना टेक्ससच्या आकाशात यानाचे तुकडे झाले.

अण्णांचा हात थांबला. "आमच्यात एक धागा तुटला तरी माग थांबवतात. वर कुणी बघितलं नाही का?"

बघायचं होतं काही जणांना. पंखाचे फोटो काढून घ्या, असं खालच्या इंजिनिअरांनी मागितलं होतं. वरच्या अधिकाऱ्यांनी ते पुढं जाऊ दिलं नाही. नंतरच्या चौकशी मंडळानं नासाच्या कारभाराच्या पद्धतीलाही फोमइतकंच जबाबदार धरलं. हे ऐकून अण्णा तेलुगूत काहीतरी पुटपुटले. मी अर्थ विचारला नाही, पण आमच्या ऑफिसबद्दल मीही तेच म्हणते.

आता तक्रार. ३० जानेवारीला घ्यायला गेले तर चेहरा अप्रतिम. डोळ्यांत पांढऱ्या सुताचा एकेक ठिपका, नारिंगी सूट, कडेला काळी पट्टी. नावं वाचत खाली आले आणि शेवटी बघते तर, इलान रामन! मी कागदावर स्वच्छ रामोन लिहून दिलं होतं. तो इस्रायलचा पहिला अंतराळवीर. हजबंड, मॅककूल, अँडरसन, ब्राउन, चावला, क्लार्क सगळे बरोबर. अण्णा ओशाळून म्हणाले, "ती नावं कधी ऐकली नव्हती, म्हणून अक्षर अक्षर बघून केली. हे माहितीतलं वाटलं, म्हणून कागद बघितलाच नाही."

उसवून दुरुस्त होत नाही म्हणे. त्यांनी नावांची पट्टी नव्यानं विणली आणि जुनी कापून तिथं शिवली. एक पैसाही जास्त घेतला नाही, पण २० फेब्रुवारी उजाडली. शिवण जवळून दिसते. शेवटी हँगिंग लागलं २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, म्हणजे खुद्द रामन परिणामाच्या दिवशी! स्टाफरूममध्ये हसून पुरेवाट झाली.

तिथंच एका सरांनी टोला हाणला, "गावात चार-पाच दिवसांआड पाणी येतंय आणि तुमचं लक्ष आकाशात." मी त्यांना कल्पना-१ ची गोष्ट सांगितली. इस्रोचा हा हवामानाचा उपग्रह सप्टेंबर २००२ मध्ये गेला तेव्हा मेटसॅट होता. अपघातानंतर चार दिवसांनी, ५ फेब्रुवारीला, वाजपेयींनी त्याला तिचं नाव दिलं. ७४ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर ३६,००० किलोमीटरवर तो काम करायचा. आपलं सोलापूर त्या रेखांशापासून जेमतेम दोन अंशांवर. उजनी धरणाकडं डोळे लावून बसणाऱ्या जिल्ह्यानं तिच्या नावाच्या यंत्रानं टिपलेले ढग टीव्हीवर बघितलेत. ढग दिसले म्हणून नळाला पाणी येत नाही, हे मलाही कळतं. ते भांडण वेगळं, आणि ते मी त्या सरांपेक्षा जास्त वेळा भांडलेय.

गगनयानासाठी चार जणांची नावं २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हा पोरांनी ती फळ्यावर लिहिली होती. त्या वेळी हे हँगिंग असतं तर शिवण दाखवून नावं नीट बघून लिहायला शिकवलं असतं.

जाणाऱ्यांसाठी: दुपारी दोन ते चार जाऊ नका, झोपलेले असतात. सुताचा रंग जात नाही, ओल्या फडक्यानं पुसून बघितलं. तारीख सांगताना महिनाभर आधीची सांगा. नावं कागदावर लिहून न्या आणि ऑर्डर देताना अण्णांकडून मोठ्यानं वाचून घ्या, ओळखीचं नाव असेल तर दोनदा.