दगडी जातं: आठ महिन्यांच्या रोजच्या दळणानंतर

१४ इंची, काळ्या पाषाणाचं जातं. वरची तळी साधारण १८ किलो. साताऱ्यातल्या घरात रोज अर्धा-पाऊण किलो दळण. बहुतेक माणदेशी शाळू, थंडीत बाजरी.

घेतानाच दगड नीट बघा. आपल्याकडच्या काळ्या दगडात कधी कधी पांढरे ठिपके असतात. ते मऊ असतात, दळताना निखळतात आणि कच थेट पिठात येते. असं जातं कितीही स्वस्त मिळालं तरी नको. नवं जातं धुऊन दोन दिवस उन्हात वाळवावं, मग पावपाव किलो तांदळाची कणी दळून टाकून द्यावी. चिमूटभर पीठ वाटीभर पाण्यात ढवळून पाणी हलकेच ओतलं की कच तळाशी दिसते. वाटीचा तळ स्वच्छ दिसेपर्यंत खायचं दळण घालू नये. इथे दोन किलो कणी गेली.

वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात घालायचे दाणे, मूठभरच घालायची. जास्त घातली की वरची तळी उचलली जाते आणि पिठात अख्खे दाणे येतात. एकाच बाजूने जाडं पीठ पडत असेल तर मधला खिळा कललेला असतो. लाकडी पाचर ठोकून तो ओळंब्यात आणावा. हरभऱ्याची डाळ भरडताना खिळ्याभोवती चिंधीचा वेढा दिला की तळी पुरेशी उचलते. पावसाळ्यात दाणे उन्हं बघून वाळवल्याशिवाय दळू नका, ओलसर पीठ टाकीच्या, म्हणजे तळीवर छिन्नीने पाडलेल्या, खाचांत लिंपून बसतं. तीळ-शेंगदाणे तर कधीच नकोत.

चौथ्या महिन्यात टाकी बोथटली. खूण सोपी: जातं हलकं फिरतं, पण पीठ कोमट आणि कणीदार पडतं. टाकी लावणारा माणूस आधी शोधून ठेवा, मग जातं घ्या. टाकी लावल्यावर पुन्हा कणी दळून वाटीची परीक्षा आलीच.

किलोभर शाळूला अर्धा तास सहज लागतो, त्यामुळे सहा माणसांचं रोजचं दळण यावर निघणार नाही, त्यासाठी गिरणीच बरी. पण बाजरीसाठी जात्याला तोड नाही. बाजरीचं पीठ चार-आठ दिवसांत कडवट होतं. इथे लागेल तेवढंच दळलं जातं. ताज्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरत नाही.

उन्हाळ्यात जातं फिरवायचा बाभळीचा खुंटा आक्रसून ढिला पडला. रात्रभर ओलं फडकं गुंडाळून ठेवलं की फुगून घट्ट बसतो.