पावसाचं पाणी बोअरला द्यावं की बागेला?

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांची मंडळी मला अधूनमधून विचारतात, "विकसकाने नकाशात पुनर्भरणाचे, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत सोडणारे, दोन बोअर दाखवलेत, तेवढं पुरे, की पाणी थांबून मुरावं म्हणून मोकळी जागा खोलगट करून घ्यावी?" आमच्या सोसायटीने दोन्ही केलं आहे. आधी बोअर, काही वर्षांनी बाग. आम्ही पुण्यात बावधनला, रामनदीच्या वरच्या अंगाला राहतो. गेटातून वाहून गेलेलं पाणी नाल्याने नदीत आणि तिथून पाषाण तलावात जातं. माझं मत या जागेवरून बनलेलं आहे, तेव्हा त्याच हिशेबाने वाचावं.

राज्याच्या 2020च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. बोअर आणि त्याच्या तोंडाशी फिल्टरची टाकी केली की ही अट सहज पुरी होते. जागा लागत नाही, पार्किंग कमी होत नाही. विकसकाला बोअर आवडतो त्याचं कारण एवढंच. पण रचना केली का, हे तपासलं जातं. तासभर धो धो कोसळला तर गेटाबाहेर किती पाणी गेलं, हे कोणी विचारत नाही. आणि पूर येतो तो त्या तासाभरात. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याचं रूप पुण्याने पाहिलं आहे.

बोअरचा गुण आधी सांगतो, कारण तो खरा आहे. पूर्वी आमचा उपशाचा बोअर मार्चअखेर गुळण्या टाकायला लागे. पुनर्भरण सुरू केल्यावर तो मेच्या मध्यापर्यंत टिकला. टँकरचा खर्च वाचला. छताचं स्वच्छ पाणी जमिनीत पोचवायला बोअरसारखं सोपं साधन नाही.

अडचण आवारातल्या पाण्याची. चार हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर, वीस टँकर. आमच्याकडे थोडा मुरूम आणि खाली काळा कातळ. कातळाच्या भेगा पितील तेवढंच पाणी बोअर पितो. जोराच्या सरीत बाकीचं सगळं गेटाकडे धावायचं.

तरीही मी बोअरवरच समाधानी राहिलो असतो, पण फिल्टरच्या टाकीच्या झाकणाने मला हरवलं. फिल्टरमधली वाळू आणि खडी दरवर्षी जूनआधी काढून धुवावी लागते. झाकण होतं एका पार्किंगच्या जागेत. गाडीचे मालक परदेशी आणि किल्ली नाशिकला नातेवाइकांकडे. दोन फोन, तीन निरोप, आणि तोवर पाऊस सुरू. वाळू तशीच राहिली. जुलैत टाकी तुंबून वर आली आणि पुढे उपशाच्या बोअरला आठवडाभर गढूळ पाणी येत होतं. म्हणजे रस्त्यावरचा गाळ, गाड्यांचं तेल हे सगळं आम्ही आमच्याच हाताने खाली सोडलं होतं. पुढच्या वर्षी गाडी हलली, तर नव्या पेव्हर ब्लॉकखाली झाकणच सापडेना. पहारीने चार ठिकाणी उकरलं. जे दिसत नाही ते साफ होत नाही, आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

बागेत काय केलं? 400 चौरस मीटरची मोकळी जागा फूटभर खाली घेतली, पाणी आत यावं म्हणून रस्त्याच्या कडेचे दगड जागोजागी कापले आणि जादा पाण्याचा पाइप फूटभर उंचीवर काढला. हिशेबाने सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी थांबतं. 4000 चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटला 10 टक्के मोकळी जागा तशीही सोडावी लागते, म्हणजे वेगळी जागा द्यावी लागली नाही. कर्दळ आणि वाळा लावला. गाळ वरच साचतो, सगळ्यांना दिसतो, माळीदादा फावड्याने खरवडून काढतात. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण गेटापाशी घोटाभर साचणारं पाणी तीन पावसाळ्यांत दिसलेलं नाही आणि नाल्यात जातं ते पाणीही निवळलेलं असतं. गाळाने आणि जलपर्णीने ग्रासलेल्या पाषाण तलावाकडे ते जातं, म्हणून मला हे जास्त मोलाचं वाटतं.

बागेच्या तक्रारीही आहेत. जुलैच्या झडीत तिथे चिखल असतो आणि मुलांना दोन महिने दुसरीकडे खेळावं लागतं. डासांची भीती सगळ्यांनी घातली होती. आमच्याकडे एरवी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाणी जिरतं, त्यामुळे त्रास झाला नाही. तुमच्याकडे चिकण काळी माती असेल तर तळाशी छिद्रांचा पाइप घालावा लागेल. प्लॉट अगदीच लहान असेल तर मात्र बोअरला पर्याय नाही, हे मान्य.

आमचा बोअर आजही चालू आहे, पण त्यात फक्त छताचं पाणी जातं. जागा असेल तर मी आवारासाठी बागच सुचवेन. मात्र नकाशा मंजुरीला जाण्याआधी करारात दोन गोष्टी लिहून घ्या: मोकळ्या जागेखाली तळघर पार्किंग येणार नाही आणि बोअरच्या झाकणावर गाडीची जागा आखली जाणार नाही. स्लॅब टाकून झाल्यावर यातली एकही दुरुस्त होत नाही.