आयटीआयचा शिकाऊ की हाताखाली वाढवलेला पोरगा?

लेथवर, म्हणजे नग फिरवून कापायच्या मशिनवर, उभं राहायला तरुण पोरगं हवं असेल, तर छोट्या वर्कशॉपवाल्यापुढं तसं बघितलं तर दोनच वाटा आहेत. एक, आयटीआय झालेला टर्नर, म्हणजे लेथचं काम शिकलेला, शिकाऊ उमेदवार म्हणून वर्षभरासाठी घ्यायचा. दुसरी, ओळखीपाळखीतला, दहावी-बारावीला थांबलेला मुलगा हेल्पर म्हणून घ्यायचा आणि हाताखाली वाढवायचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी टाकलेलं आमचं जॉबिंगचं, म्हणजे गिऱ्हाइकाचे सुटे नग करून द्यायचं, वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक मिलिंग, एक शेपर आणि माझ्यासकट सहा माणसं. आठ वर्षांत मी दोन्ही वाटांनी गेलोय. सात आयटीआयवाले घेतले, चार कच्चे. जे लिहितोय ते या अकरा मुलांच्या जोरावर. तुमचं काम वेगळं असेल तर हिशेबही वेगळा निघेल.

तिसरी वाट कुणी सुचवेल, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशिनं, घ्या. मोठ्या लॉटला ती मशिनं उत्तमच. पण आमच्याकडं दिवसाला आठ गिऱ्हाइकं आठ वेगळे नग घेऊन येतात. एकाचा पंपाचा शाफ्ट झिजलेला, दुसऱ्याच्या यंत्रमागाचा दांडा वाकलेला. एका नगासाठी प्रोग्रॅम लिहीत बसणं आम्हाला तरी परवडत नाही. बाहेरच्या राज्यातले तयार कारागीर मिळतात, हात चांगला असतो त्यांचा. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते गावी गेले तेव्हा इथल्या फाउंड्र्यांची काय गत झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मुळात अडचण अशी, की पोरंच या लाइनीत येत नाहीत. आमच्या गल्लीतल्या हातानं चालवायच्या लेथवर आज जे उभे आहेत, त्यांत चाळिशीच्या आतला एकही माणूस नाही. आमचे मोठे मिस्त्री बासष्ट वर्षांचे आहेत. मशिनचा नुसता आवाज ऐकून सांगतात, टूलची धार गेली म्हणून. त्यांचा मुलगा फायनान्स कंपनीत हप्ते गोळा करतो. मिस्त्रींना त्याचं वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. वर्कशॉपात काम करणाऱ्या मुलाला पोरगी द्यायला लोक तयार नसतात. मुलगा डिलिव्हरीची बॅग पाठीला लावून फिरला तर चालतं, हात काळे झालेले चालत नाहीत. पहाटे पोलीस भरतीसाठी पळणारी मुलं रस्त्याला बघितली की मला दरवेळी वाटतं, यांतली चार जरी मशिनवर आली असती. म्हणून जो एखादा मुलगा दारात येतो, तो कुठल्या वाटेनं आला तर आपल्याकडं रुजेल, याचा विचार आधी केलेला बरा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. शिकाऊ उमेदवारी चालते १९६१ च्या कायद्यानं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसं असतील तर घेणं ऐच्छिक आहे. म्हणजे आपल्यासारख्यांवर सक्ती नाही, पण दार उघडं आहे. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन धरलं होतं. करार करताना चालू दर शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर बघून घ्या. २०१६ साली आलेल्या राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. पहिल्यांदा पोर्टलवर नोंदणी करताना माझे तीन दिवस गेले, पुढच्या वेळी तासाभरात झालं. कच्च्या मुलाला यातलं काही लागत नाही. पण तो अठरा पूर्ण आहे का, हे शाळेचा दाखला बघूनच ठरवा. पूर्वी चौदा-पंधराची पोरं लेथवर उभी केली जायची, ते दिवस गेले आणि बरं झालं गेले.

आता हाताचं बघू. इथं कच्चा मुलगा सरळ पुढं आहे. आयटीआयत एका तुकडीत वीसेक मुलं असतात आणि लेथ मोजके, त्यामुळं दोन वर्षांत प्रत्यक्ष हँडल फिरवायला मिळतं ते किती? आलेला मुलगा चक, म्हणजे नग पकडणारा लेथचा जबडा, उघडताना घाबरतो. ग्राइंडरवर टूलला धार लावायची म्हटली की दोन पावलं मागं सरतो, कारण त्याला तयार इन्सर्टची, म्हणजे झिजलं की बदलायच्या पात्याची, सवय. आमच्याकडं अजून निम्मं काम हायस्पीड स्टीलच्या, स्वतः धार लावायच्या टूलवर चालतं. त्याउलट चंदगडकडचा जो मुलगा मी बारावीनंतर घेतला होता, तो सहा महिन्यांत टूल असं घासायचा की मिस्त्री स्वतःची टूलं त्याच्याकडं द्यायला लागले. तेलाचा कंटाळा नाही, चिप्स उचलायची लाज नाही, रात्री नऊपर्यंत थांबायची तयारी. माणूस म्हणून माझा त्याच्यावर फार जीव होता.

टिकण्याच्या बाबतीत सगळे म्हणतात की आयटीआयवाला वर्ष संपलं की एमआयडीसीत जाणार, आणि आपला वाढवलेला पोरगा राहणार. पहिलं खरं आहे. सातांतले पाच गेले, कुणी शिरोलीला, कुणी गोकुळ शिरगावला, एक थेट चाकणला. त्यातून वेळापत्रकही आपल्या विरोधात. मुलगा पावसाळा संपता संपता हाताशी येतो, लगेच साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, ब्रेकडाउनची कामं अंगावर येतात, आणि तेव्हा त्याला काहीच येत नसतं. एप्रिलनंतर ऑफ सीझनच्या ओव्हरहॉलिंगला तो कामाचा होतो, आणि दोन-चार महिन्यांत करार संपतो. हे दुखतं, नाकारत नाही. पण चार कच्च्यांतलेही तीन गेलेच की. एक टेंपो चालवतो, एक शेतीला परत गेला, आणि तो चंदगडचा दुप्पट पगारावर दुसऱ्या गल्लीत गेला. अकरांपैकी तीन राहिले, त्यांत दोन आयटीआयवाले. एवढ्यावरून मी नियम काढणार नाही. फक्त हाताखाली वाढवलेला राहतोच, हे मी आता धरून चालत नाही.

माझा निर्णय झाला तो दुसऱ्याच गोष्टीवर. त्या गोष्टीला आमच्या वर्कशॉपात एक शब्द आहे: ‘बसतंय’.

मी इचलकरंजीला माल आणायला गेलेलो. इकडं एका कच्च्या मुलाकडं गनमेटलचे (एक प्रकारचं कांसं) बारा बुश, म्हणजे शाफ्टवर बसायच्या नळ्या, चालू होते, बोअर (आतलं भोक) ४५ मिलिमीटर, फिट एच-सेव्हन. म्हणजे बोअर पंचेचाळीसच्या खाली जायला नको आणि वर फार तर पंचवीस मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग). फोन केला.

“किती आलंय रे?”

“बसतंय मालक.”

“बसतंय ते कळलं. माप किती?”

“शाफ्ट घालून बघितला की. गुळगुळीत जातोय.”

त्याच्याजवळ शाफ्टचा एक कापलेला तुकडा होता, त्यालाच तो गेज म्हणायचा. प्रत्येक बुश टूल बाहेर आल्याआल्या तुकडा घालून बघितला, गेला, की पुढचा. संध्याकाळी मी आलो तेव्हा बाराही बुश गार झाले होते आणि तुकडा एकातही जाईना. गनमेटल तापलं की फुगतं. पंचेचाळीसचा बोअर तीसेक अंशांनी तापला तर साधारण चोवीस मायक्रॉन वाढतो, म्हणजे सगळा टॉलरन्स, मापात चालणारा फरक, नुसत्या उष्णतेनंच खाल्ला. बोअर लहान राहिला म्हणून माल वाचला. पण पुन्हा चकात धरून, डायल लावून एकेक सेंटरला आणण्यात रात्रीचा एक वाजला. बोअर मोठा झाला असता तर गनमेटल भंगारात गेलं असतं.

चूक झाली याचा राग नव्हता. माझ्या हातूनही झाल्यात, वडिलांच्याही. त्रास याचा होता की चूक शोधायला हातात काहीच नव्हतं. पहिल्या बुशला किती होतं, सहाव्याला किती, टूल कधी बदललं, सगळ्याला उत्तर एकच, बसत होतं. मी त्याला मायक्रोमीटर शिकवला, बोअर गेज शिकवला. वाचायला यायचं त्याला. पण घाईत हात तुकड्याकडंच जायचा, कारण त्याला काम लागलं होतं ते तसंच, बघून आणि बसवून. मोठ्या मिस्त्रींना ते चालतं, त्यांच्या बोटांत चाळीस वर्षं आहेत. नव्या मुलाला नाही चालत.

पुढच्या वर्षी भुदरगड तालुक्यातला एक आयटीआयवाला आला. हात संथ, पहिले चार महिने मला वाटायचं चुकलंच आपलं. तसलेच बुश त्याच्याकडं दिले. त्यानंही घोळ केला, तीन नग ओव्हरसाइज. पण खिशातून छोटी वही काढली आणि दाखवली. प्रत्येक नगापुढं आकडा. ४५.०१, ४५.०१५, ४५.०२, मग एकदम ४५.०४. चौथ्यापाशी बोट ठेवून म्हणाला, “काका, इथं टूल परत बांधलं होतं.” पाच मिनिटांत कारण सापडलं. आयटीआयत दोन वर्षं ड्रॉइंग आणि कॅल्क्युलेशन शिकताना त्याला आकड्यात बोलायची सवय लागली होती. मशिन मी शिकवू शकतो, ते माझ्या घरचं आहे. ती सवय अठराव्या वर्षानंतर मला चारपैकी एकाच मुलाला लावता आली, आणि तोच आमच्याकडं राहिलाय.

म्हणून, तुमचं काम फॅब्रिकेशनचं, वेल्डिंगचं, गेट-ग्रिलचं असेल तर बहुधा कच्चा मुलगा बरा पडेल. तिथं हात लवकर बसणं महत्त्वाचं, आणि मालक सोबत उभा असतो. मालक दिवसभर शॉपवरच असेल तर टर्निंगलाही चालून जाईल. पण तुम्हाला माल आणायला, वसुलीला बाहेर पडावं लागत असेल आणि फोनवर माप विचारावं लागत असेल, तर वर्षाचा करार, पोर्टलची कटकट आणि वर्षअखेरीचं दुखणं धरूनही मी आयटीआयवाल्याकडंच झुकेन. दोन मुलं आलटून-पालटून घ्या, सहा महिन्यांच्या अंतरानं. एक जाताना दुसरा निम्मा तयार असतो. गेल्या दोन वर्षांत मला यानं बरंच हलकं झालंय.

यंदा पुन्हा एक मुलगा दारात आला, दहावी झालेला, आमच्या शेजारच्या फिटरचा भाचा. दिवसभर लेथपाशी उभा राहिला, कुणी न सांगता चिप्स झाडल्या. पूर्वी असता तर अठरा पूर्ण होईपर्यंत वाट बघून मी त्याला घेऊनच टाकलं असतं. या वेळी मोबाइलवर त्याच्याकडून आयटीआयच्या प्रवेशाचा अर्ज भरून घेतला, पहिली पसंती टर्नर. दोन वर्षं शीक, मग करार माझ्याकडं कर, म्हणालो. घरात त्याच्या पगाराची गरज आहे, मला माहीत आहे. एसटीच्या पासाचे आणि ड्रेसचे पैसे मी देतो, असं त्याच्या वडिलांना सांगितलंय. ते म्हणाले, बघतो. परवा पुन्हा जाऊन येणार आहे.