पहिला साबण: काटा महागातला, साचा फुकटातला

साबण करायचं मनात आलं की माणूस आधी साचे बघायला लागतो. मीही तेच केलं. गुलाबाच्या आकाराचे साचे आणले आणि कॉस्टिक सोडा मोजायला काढला घरातला जुना स्प्रिंगचा काटा.

गणित बघा. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाचा साबण व्हायला साधारण ९१ ग्रॅम सोडा लागतो, तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला ६७ च्या आसपास. तेल बदललं की माप बदलतं, म्हणून वाटी-चमचा बाद. साबण झोंबू नये म्हणून सोडा पाच टक्के कमी घेतात, म्हणजे खोबरेलाच्या हिशेबात चुकायला जागा जेमतेम साडेचार ग्रॅमची. स्प्रिंगच्या काट्यावर एवढा फरक दोन खुणांच्या मध्येच लपतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटाच घ्या, आणि तो किती वेळाने आपोआप बंद होतो तेही विचारा. माझा पहिला डिजिटल काटा तेल ओतता ओतताच मिटायचा!

भांड्यांत अ‍ॅल्युमिनियम नकोच. सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. काचेचा मोह होतो, पण सोड्याचं द्रावण काच आतून झिजवत राहतं आणि एखाद्या दिवशी उष्णतेने ती तडकते. उरले स्टील आणि प्लास्टिक. तेलाला स्टीलचं पातेलं छान. द्रावणाला मात्र मी तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला (म्हणजे उष्णता सोसणारं पॉलिप्रॉपिलीन), मुठीचा जाड प्लास्टिकचा जग घेईन. पाण्यात सोडा पडला की द्रावण ८०-९० अंशांपर्यंत तापू शकतं. स्टील तेव्हा हातात धरवत नाही. (सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही.)

डोळ्यांना नेहमीचा चष्मा पुरत नाही, थेंब कडेने शिरतो. चारी बाजूंनी बंद गॉगल आणि रबरी हातमोजे यांत काटकसर नको. अंगावर उडालंच तर व्हिनेगर शोधत बसू नका, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा.

घोटायला साधा व्हिस्क की हँड ब्लेंडर? व्हिस्कने मिश्रण दाटायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, ऑलिव्ह जास्त असेल तर हात भरून येतो. ब्लेंडरने तेच काही मिनिटांत. पण तो सलग चालवला तर मिश्रण साच्यात ओतण्याआधीच घट्ट होतं. चार सेकंद फिरवा, थांबा, हलवा. वरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहिली की पुरे. ब्लेंडरचा दांडा स्टीलचा हवा आणि पातं पूर्ण बुडाल्यावरच बटण दाबायचं. दोन्हींत मी ब्लेंडरच घेईन.

तेल आणि द्रावण किती तापलंय ते बघायला, तापाचा सोडून, स्वयंपाकाचा थर्मामीटर चालेल, फक्त इन्फ्रारेडवाला वरवरचंच तापमान दाखवतो, म्हणून आधी ढवळा.

आता साचे. सिलिकॉनमधून साबण सहज सुटतो, पण ओल जास्त दिवस राहते आणि लांब साच्याच्या भिंती फुगतात, वड्या पोटाळ होतात. लाकडी साच्यातल्या वड्या काटकोनी येतात, पण दर वेळी बटर पेपर लावायचा कंटाळा. पहिल्या दोन-तीन घाण्यांना दुधाचा रिकामा खोका बेस्ट. साबण घट्ट झाला की फाडून टाकायचा. खोका निवडताना आत डोकावून बघा. आतून चंदेरी दिसला तर ते अ‍ॅल्युमिनियमच आहे, तो बाजूला ठेवा.