भाषाविज्ञानाचे पॉडकास्ट: खान्देशात बसून काही महिने ऐकल्यावर

शाळा जूनमध्ये उघडली तेव्हापासून मी भाषाविज्ञानावरचे पॉडकास्ट आणि यूट्यूबवरच्या मालिका नियमाने ऐकते आहे. बरंचसं ऐकणं अमळनेर-पारोळा एसटीत होतं, उरलेलं रात्री ओटा आवरताना. मी प्राथमिक शाळेत शिकवते. बी.ए.ला भाषाविज्ञानाचा एक पेपर होता, पण त्यात व्याख्या पाठ करण्यापलीकडे फार काही नव्हतं. त्यामुळे हा अभिप्राय तज्ज्ञाचा नाही, वर्गात रोज अहिराणी ऐकणाऱ्या बाईचा आहे.

सगळ्यात जास्त ऐकला तो ‘लिंगथ्युझिअॅझम’. ग्रेचेन मॅककुलक आणि लॉरेन गॉन या दोघी भाषावैज्ञानिक तो २०१६ पासून चालवतात. एक कॅनडात, दुसरी ऑस्ट्रेलियात. महिन्याला एक भाग, साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा. ऐकायला पैसे लागत नाहीत. वर्गणी भरणाऱ्यांना जादा भाग मिळतात, मी ते घेतलेले नाहीत आणि अजून तरी गरज वाटली नाही. दोघी भराभर बोलतात. सुरुवातीला वेग कमी करून ऐकावं लागलं, मग कळलं की प्रत्येक भागाचा लिखित मजकूर त्यांच्या संकेतस्थळावर असतो. इंग्रजी ऐकण्याची सवय नसलेल्यांनी तो समोर ठेवूनच ऐकावं. घरच्या वाय-फायवर भाग उतरवून ठेवले की बसमध्ये रेंज गेली तरी अडत नाही.

त्यांचा एक भाग ‘वग टेस्ट’वर आहे. १९५८ साली जीन बर्को यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव ‘वग’ सांगितलं आणि मग तसेच दोन प्राणी दाखवून विचारलं, हे दोन काय? हा शब्द मुलांनी कधीच ऐकलेला नव्हता, म्हणजे पाठांतराचा प्रश्नच नाही. तरी त्यांनी अनेकवचन बरोबर केलं. नियम त्यांच्या आत आधीच तयार होता.

दुसऱ्या दिवशी मी दुसरीच्या वर्गात फळ्यावर एक गोल पोटाचा पक्षी काढला. “हा टुबका.” शेजारी आणखी एक काढला. “आता हे दोन...?” अख्खा वर्ग ओरडला, “टुबके!” मग चोच लहान करून म्हटलं, “ही टुबकी. अशा तीन आल्या तर?” “टुबक्या!” व्याकरणाचा एकही धडा अजून झालेला नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी वर्गात तोंड उघडत नाही, उभा राहून म्हणाला, “बाई, टुबका झाडमा शे.” मराठीत ‘झाडात आहे’, अहिराणीत ‘झाडमा शे’. नव्या शब्दाला त्याने त्याच्या भाषेच्या वाक्यात नेमकं बसवलं होतं. अशा मुलाला बोलता येत नाही असा शेरा यापुढे माझ्या हातून लिहिला जाणार नाही.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ‘ळ’चा. खान्देशात ‘ळ’चा ‘य’ होतो हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. डोळा-डोया, काळा-काया, शाळा-शाया, फळ-फय. माझं माहेर यावलकडचं, तिथे लेवा बोली. सासर अहिराणी बोलणारं. ‘शे’ आणि ‘झाडमा’ माहेरी नाही, पण हा ‘य’ दोन्हीकडे आहे. बहिणाबाईंच्या कवितेतही तो आहे. पॉडकास्ट ऐकायला लागल्यावर मी वह्या वेगळ्या नजरेने पाहायला लागले. ‘ल’चा ‘य’ कोणीच करत नाही. ‘लाल’ लालच राहतो, ‘माले’ (म्हणजे ‘मला’) मालेच राहतं. बदल फक्त ‘ळ’ला लागतो आणि प्रत्येक वेळी लागतो. याला आळस किंवा अशुद्धपणा म्हणता येत नाही, हा नियम आहे आणि मुलं तो काटेकोरपणे पाळतात.

मग त्याच वह्यांत ‘गाळ चारा खाते’ असं एक वाक्य सापडलं. गाय आणि गाळ! मुलीला कळलं होतं की आपला ‘य’ बाईंना ‘ळ’ हवा असतो, म्हणून तिने खऱ्या ‘य’चाही ‘ळ’ केला. हे उलट दिशेने जाणं जगभर आढळतं आणि त्याला अतिशुद्धीकरण म्हणतात, हे मला या ऐकण्यातूनच कळलं. तिची चूक केवळ लाल शाईने दुरुस्त होणारी नव्हती. मी फळ्यावर दोन रकाने केले. एकात गाय, पाय, साय, म्हणजे घरी आणि पुस्तकात सारखेच राहणारे शब्द. दुसऱ्यात फळ, काळा, शाळा, म्हणजे घरी वेगळे असणारे. मुलांनी घरून आणखी शब्द आणले आणि रकाने भरत गेले. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की मुलांची बोली वर्गाबाहेर ठेवा. तसं केलं असतं तर हा दुसरा रकाना भरताच आला नसता.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘क्रॅश कोर्स’ची भाषाविज्ञानावरची सोळा भागांची मालिका यूट्यूबवर आहे, तिच्या लेखनात मॅककुलक आणि गॉनही होत्या. चित्रं आणि उपशीर्षकं असल्याने समजायला सगळ्यात सोपी. हेलन झाल्टझमन यांचा ‘द अल्युझनिस्ट’ २०१५ पासूनचा आहे. निर्मिती फार सुंदर, पण तो भाषेच्या गोष्टी सांगतो, शास्त्र कमी. जॉन मॅकव्हॉर्टर यांच्या ‘लेक्सिकन व्हॅली’त माणूस मोठा विद्वान आहे, मात्र मधली गाणी आणि अमेरिकी संदर्भ माझ्या डोक्यावरून गेले. ‘द व्होकल फ्राइज’ हा भाषेवरून होणाऱ्या भेदभावावर आहे. आमच्याकडची पोरं पुण्याला शिकायला जातात आणि पहिल्या सहा महिन्यांत ‘शे’ गिळायला शिकतात. त्यांच्यासाठी तो ऐकण्यासारखा आहे.

या सगळ्यांची मोठी उणीव म्हणजे उदाहरणं बहुतेक इंग्रजीतली. इंग्रजीत ‘वी’ एकच. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’ हा भेद इंग्रजी श्रोत्याला समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे तो घरातल्या लहान लेकरालाही येतो. गुजरातीतही आहे. असं साहित्य दारात असताना मराठीत या दर्जाचा, नियमित चालणारा कार्यक्रम मला मिळाला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर व्हिडिओ खूप आले, मीही हौसेने पाहिले. पण बरेचसे भाषा किती जुनी यावरच थांबतात. आज ती कशी चालते, माणसं तिच्यात काय करतात, हे कोणी विचारत नाही. दुसरा प्रकार ‘बरोबर शब्द कोणता’ सांगणाऱ्यांचा. त्यांचा उपयोग आहे, पण त्यांना भाषाविज्ञान म्हणू नये.

खान्देशासाठी विषय तर ओसंडून वाहतात. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सन यांनी १९०७ च्या खंडात खान्देशी (अहिराणी तिच्यातच येते) भिल्ल भाषांबरोबर ठेवली. २०११ च्या जनगणनेत खान्देशी मराठीपासून वेगळी मोजली आहे आणि बोलणारे साडेअठरा लाखांच्या वर भरले. इथल्या बहुतेकांना विचारलं तर ते अहिराणी ही मराठीचीच बोली म्हणतील. ‘शे’ गुजरातीतल्या ‘छे’जवळचा, ‘घरमा’तला ‘मा’ही गुजरातीसारखा, ‘मी करसू’ (मी करीन) मधला ‘स’ गुजरातीच्या भविष्यकाळाची आठवण देणारा. भाषा आणि बोली यांची सीमा निव्वळ व्याकरणाने ठरत नाही, हे पॉडकास्टवाले दूरदूरच्या देशांची उदाहरणं देऊन समजावतात. नंदुरबारहून जळगावपर्यंत एसटीने कान उघडे ठेवून आलं तर तेच ऐकू येतं.

ध्वनिमुद्रणंही आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. गावोगावच्या माणसांचं बोलणं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतं. मी पॉडकास्टनंतर तिकडे वळले आणि आता दोन्ही जोडीने ऐकते. कमी आहे ती हे मुद्रण हातात घेऊन अर्धा तास मराठीत गप्पा मारणाऱ्या दोन जाणकारांची. आपल्या जळगावच्या विद्यापीठाला तर बहिणाबाईंचंच नाव आहे. तिथल्या भाषेच्या विद्यार्थ्यांनी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. एक फोन, शांत खोली आणि बोलायला तयार आजी एवढ्यावर सुरुवात होते.

इंग्रजी जेमतेम कळत असेल तर आधी क्रॅश कोर्स उपशीर्षकं लावून पाहा, मग लिंगथ्युझिअॅझमचा वग टेस्टचा भाग मजकुरासह. शिक्षक असाल तर तिथून थेट वर्गात जा. शुद्धलेखनाचे नियम शिकायचे असतील तर इथे वेळ घालवू नका, त्यासाठी हे पॉडकास्ट नाहीत.