जुना थिंकपॅड, लिनक्स मिंट आणि सात महिन्यांचं वेबचं काम

आधीच सांगते, मी लिनक्सची (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) भक्त वगैरे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझ्या सेकंडहँड थिंकपॅड टी४७० मधला सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता आणि धडधाकट लॅपटॉप भंगारात घालायला मन होईना. ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी. त्यावर लिनक्स मिंट २२.२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, सिनॅमन डेस्कटॉपवालं. पाया उबुंटू (दुसरं एक लिनक्स) २४.०४ चा, त्यामुळे २०२९ पर्यंत अपडेटची काळजी नाही.

काम माझं साधं. सांगलीतले छोटे व्यापारी, एक-दोन शाळा, एक पतसंस्था यांच्या साइट. बहुतेक वर्डप्रेस, अधूनमधून नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) काहीतरी.

'लिनक्स फास्ट आहे' हे सगळेच सांगतात. आहे, पण तेवढ्यासाठी मी लिनक्सवर थांबले नसते. मी थांबले ती एका हळद व्यापाऱ्याच्या साइटमुळे. म्हणजे खरं तर त्याआधीच्या फजितीमुळे. मागच्या वर्षी विंडोजवर केलेली एक साइट लाइव्ह केली, मालकांनी कौतुकाने चार लोकांसमोर मोबाइलवर उघडली, आणि फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींचं शेपूट कॅपिटल 'जेपीजी', माझ्या कोडमध्ये स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखंच, सर्व्हरवरच्या लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. हळदीच्या साइटवेळी तीच चूक मी पुन्हा केली (सवय जाता जात नाही), पण या खेपेला रिकामे चौकोन माझ्याच स्क्रीनवर दिसले, रात्री साडेअकराला, कुणी बघत नसताना. तुम्ही अजून विंडोजवर असाल तर एक लक्षात ठेवा: नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलं तर गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) तो बदल कळतच नाही. नाव बदलायला 'गिट एमव्ही' वापरा.

परवानग्यांचंही तसंच. सुरुवातीला काहीही अडलं की मी सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा देणारी आज्ञा) ठोकून मोकळी व्हायचे. घराला कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यातला प्रकार. आता नीट समजलंय: फाइली माझ्या नावावर असतात, पण अपाचे हा वेब सर्व्हर चालतो तो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वेगळ्या युजरच्या नावाने, म्हणून मीडिया अपलोड अडतं. स्वतःला त्या ग्रुपमध्ये घातलं, प्रोजेक्टचा ग्रुप तोच केला, फोल्डरना ७७५ आणि फाइलींना ६६४ दिलं (मालक आणि ग्रुप लिहू शकतात, बाकीचे फक्त वाचतात) की माझ्या मशीनवर भागतं. ग्रुपमध्ये घातल्यावर लॉगआउट करून परत यावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे मी एक अख्खी दुपार घालवली, आणि शेवटी लाइट गेल्यावर वैतागून लॅपटॉप बंद केला, तर उघडल्यावर सगळं आपोआप चालू!

नोड मात्र सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेऊ नका. तिथे मिळतं ते व्हर्जन १८, आणि त्याचा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्येच संपलाय. एनव्हीएम (नोडची व्हर्जन सांभाळणारं साधन) टाका, प्रत्येक प्रोजेक्टला हवं ते व्हर्जन लावा. आणि एनपीएमच्या (नोडची पॅकेजं बसवणारी आज्ञा) आधी 'सुडो' (म्हणजे रूट या मुख्य युजरच्या हक्काने चालव) लिहायचा मोह झाला तर हात आवरा, नाहीतर होम फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फाइली पडतात आणि मग रोज नवीन रडगाणं.

एक एरर माझ्या डोक्यात गेली होती. डेव्ह सर्व्हर (साइट लॅपटॉपवरच चालवून दाखवणारा प्रोग्रॅम) चालू करते तर म्हणे जागा शिल्लक नाही. डिस्कवर १०० जीबी मोकळे! ती जागा डिस्कची नव्हतीच. फाइल बदलली की पेज आपोआप ताजं व्हावं म्हणून सर्व्हर हजारो फाइलींवर पाळत ठेवतो, आणि अशा किती पहारेकऱ्यांना परवानगी द्यायची याला लिनक्समध्ये मर्यादा असते. तीन प्रोजेक्ट एकदम उघडले की ती संपते. सिसकंट्रोलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) सेटिंगमध्ये 'मॅक्स युजर वॉचेस' ५२४२८८ केलं, त्यानंतर ती एरर आलेली नाही.

खरोखर डिस्क भरायचा प्रसंगही आला, आणि तो पूर्ण माझ्या मूर्खपणाचा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट येतं, सिस्टिमचे स्नॅपशॉट घेणारं. मी हौसेने रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे सगळे चालू केले, आणि रूट पार्टिशन (डिस्कवरचा सिस्टिमचा भाग) ठेवलं होतं ३५ जीबीचं. एका सकाळी पासवर्ड टाकते, तर पुन्हा लॉगिनचाच पडदा. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर गेले, तिथून जुने स्नॅपशॉट उडवले, तेव्हा कुठे आत जाता आलं. आता फक्त दोन ठेवते. आणि टाइमशिफ्ट म्हणजे बॅकअप नव्हे हं. तुमचं होम फोल्डर ते आपणहून घेत नाही, कामाच्या फाइलींसाठी वेगळी सोय लागते.

८ जीबीत भागतं का? फायरफॉक्सचे वीस टॅब, व्हीएस कोड आणि डेटाबेस एकत्र चालले की आधी माउस सुद्धा गोठायचा. झेडरॅम टाकल्यापासून ते थांबलं. मेमरीतलाच मजकूर दाबून ठेवायची ही युक्ती जुन्या मशीनला फार उपयोगी पडते. शिवाय टीएलपी (बॅटरी सांभाळणारा प्रोग्रॅम) टाकून दोन्ही बॅटऱ्यांचं चार्जिंग ८० टक्क्यांवर अडवलंय. थिंकपॅडवर हे सहज जमतं, बाकी लॅपटॉपवर जमेलच असं नाही.

मराठीसाठी मी सिस्टिममध्येच असलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरते. शिफ्ट-एन ला 'ळ', शिफ्ट-जे ला नुक्त्याचा 'ऱ', म्हणून 'व्यापाऱ्याची' बिनबोभाट लिहिता येतं. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायची सवय आहे त्यांना आयबस (टाइपिंगचं वेगळं साधन) लागेल. 'ल' आणि 'श' मात्र मला आधी हिंदी वळणाचे दिसायचे. पतसंस्थेच्या चेअरमन साहेबांनी प्रिंट बघून विचारलं, "ताई, हा ल आपला नाही ना?" नजर पक्की! पेजच्या लँग अॅट्रिब्यूटमध्ये (पेजची भाषा सांगणारी खूण) 'एमआर' म्हणजे मराठी लिहिलं आणि मराठी रूपं असलेला फॉन्ट लावला, तेव्हा त्यांचा ल त्यांना मिळाला. मराठी साइट करणाऱ्या कितीजणांच्या कोडमध्ये तिथे अजून 'ईएन' म्हणजे इंग्रजी असतं, बघा एकदा.

मोबाइलवर साइट तपासायची तर डेव्ह सर्व्हरला 'होस्ट' पर्याय द्या आणि त्याच वायफायवरून लॅपटॉपचा आयपी उघडा. फायरवॉल चालू केली असेल तर डेव्ह सर्व्हरचा पोर्ट (जोडणीचं दार) मोकळा करावा लागतो. व्हीट (Vite) या डेव्ह सर्व्हरचा ५१७३ असतो.

विंडोज पूर्ण गेलेलं नाही. ६० जीबीत पडून आहे. डिजिटल सहीचं टोकन आणि प्रेसवाल्याच्या जुन्या नॉन-युनिकोड फाइली, या दोन कामांसाठी. दोन्ही ठेवणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर तिकडच्या ड्राइव्हवर इकडून लिहिता येत नाही. आणि विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरीवाल्याकडे पळू नका. लिनक्स मशीनचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. 'टाइमडेटसीटीएल' ने लोकल आरटीसी (मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेवर) चालू केलं की दोघांचं जमतं.

फोटोशॉपची आठवण येते, खोटं कशाला बोलू. गिम्पशी (लिनक्सवरचा फोटो एडिटर) माझं अजून सूत जुळलेलं नाही. ब्राउझरमधल्या फोटोपीवर निभावते. तिकडच्या ६० जीबीत शेवटचं गेले ते मार्चअखेरीला, त्या टोकनासाठी, आणि तेव्हा पहिला पाऊण तास अपडेट बघत बसले.