टी.वाय.ला जाण्याआधी घ्यावं असं मॉडेल किट: वर्षभराचा अनुभव

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून मॉलिक्युलर मॉडेल किट (अणूंचे गोळे आणि बंधांच्या काड्या जोडून रेणू करायचा डबा) घेतलं त्याला या महिन्यात वर्ष झालं. किंमत ४८० रुपये. होस्टेलच्या खोलीतल्या आम्ही तिघींनी मिळून पैसे भरले. तेव्हा एस.वाय.ला होतो, आता टी.वाय. केमिस्ट्री.

घेतलं ते सायक्लोहेक्झेनच्या खुर्चीसाठी. सहा कार्बनचं हे कडं सपाट नसतं, खुर्चीसारखं वाकलेलं असतं. मॅडम फळ्यावर एक खुर्ची काढायच्या, शेजारी उलटलेली दुसरी काढायच्या आणि सांगायच्या, "अॅक्सियल होते ते आता इक्वेटोरियल झाले." अॅक्सियल म्हणजे कड्याला उभे बंध, इक्वेटोरियल म्हणजे बाजूला आडवे. मी दोन्ही चित्रं वहीत उतरवून घ्यायचे, कुठली रेघ कुठे गेली ते पाठ करायचे, तरी पेपरात एखादी रेघ चुकायचीच.

किट आणलं त्याच रात्री सहा काळे (कार्बन) आणि बारा पांढरे (हायड्रोजन) गोळे जोडले. एका अॅक्सियल हायड्रोजनला लाल दोरा बांधला. मग एका टोकाचा कार्बन खाली दाबला, समोरचा वर उचलला. खुर्ची हातातच उलटली. दोऱ्याचा हायड्रोजन सरळ उभा होता तो आडवा झाला, पण कड्याच्या वरच्या अंगाला होता तो वरच्याच अंगाला राहिला. माझी रेघ नेमकी इथेच चुकत होती! मग त्या जागी मिथिल (CH₃ गट) लावलं. अॅक्सियल ठेवलं की त्याच बाजूचे दोन अॅक्सियल हायड्रोजन त्याला खेटतात. खुर्ची उलटवली की ते मोकळं होतं. साध्या तापमानाला सुमारे ९५ टक्के रेणू इक्वेटोरियल मिथिलचे असतात, हा आकडा त्यानंतर मला पाठ करावा लागला नाही.

डब्यात काळे २४, पांढरे ४०, लाल १२, निळे ६ आणि हिरवे ८ गोळे आहेत. कार्बन काळा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा हे रंग खूप जुने. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हॉफमन यांनी क्रोकेचे चेंडू रंगवून रेणू दाखवले होते, तेव्हापासूनचे.

टार्टारिक आम्ल करायला बसाल तर लाल गोळे कमी पडतील. एका रेणूला सहा ऑक्सिजन लागतात आणि आपल्याला तिन्ही रूपं (एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली जोडी आणि तिसरं मेसो) एकाच वेळी समोर हवी असतात. आम्ही यावर तोड काढली: मधले दोनच कार्बन काळे घ्यायचे, आख्ख्या कार्बॉक्सिल (COOH) गटाला एक हिरवा गोळा, हायड्रॉक्सिलला (OH) एक लाल आणि हायड्रोजनला पांढरा. मग आरशातली जोडी करा. कशीही फिरवा, एकावर एक बसत नाही. मेसो रूपाची मधली काडी फिरवून हिरव्यासमोर हिरवा आणला की लालसमोर लाल येतो, म्हणजे एक अर्धा भाग दुसऱ्याचा आरसाच. चिंचेतलं आम्ल जोडीतलं आर-आर (कार्बनभोवतीच्या गटांच्या दोन उलट मांडण्यांना आर आणि एस म्हणतात). पाश्चर यांनी १८४८ मध्ये या आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले होते. तो धडा मी याआधी दोनदा वाचला होता. समजला तो हे दोन रेणू हातात घेतल्यावर.

सायक्लोप्रोपेनही करून बघा. गोळ्यांची भोकं १०९.५ अंशांवर पाडलेली असतात, कडं मिटायला ६० अंश हवेत. छोट्या काड्या निसटतात, लांब लवचीक वाकवून घातल्या तर कडं सारखं सुटू पाहतं. कोनाचा ताण बोटांना कळतो.

आता दोष. दुहेरी बंधाच्या लवचीक काड्या सहा महिन्यांत वाकलेल्या जागी पांढऱ्या पडल्या, दोन तुटल्या. पांढऱ्या गोळ्यांची भोकं सैल होतात. इथेन फिरवताना काडी कुठेच अडत नाही; खऱ्या रेणूत एक्लिप्स्ड स्थितीला (दोन्ही कार्बनचे हायड्रोजन समोरासमोर येतात तेव्हा) मोलमागे सुमारे १२ किलोज्यूलचा अडसर असतो, तो इथे डोक्यातच धरावा लागतो. सगळ्यात जास्त फसवतं ते बेंझिन: किटमध्ये एकआड एक दुहेरी बंध दिसतात, पण प्रत्यक्षात सहाही बंध सारखेच, सुमारे १.३९ अँगस्ट्रॉमचे. एफ.वाय.च्या मुलांना हे आधी सांगा, मगच बेंझिन करायला द्या.

एकटीने ४८० रुपये घालणं मलाही जड गेलं असतं. तिघींत परवडतं. तेही जमत नसेल तर पुठ्ठ्याचे चतुष्फलक कापा. १८७४ मध्ये कार्बनचे चार बंध अवकाशात कसे असतात ते मांडणाऱ्या २२ वर्षांच्या व्हॅन्ट हॉफनेही पुठ्ठ्याचीच मॉडेलं केली होती. आर-एस ओळखायला तेवढं पुरतं, खुर्चीला मात्र किटच हवं.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो तुटक्या काड्यांसाठी, कारण सुट्या काड्या दुकानात मिळत नाहीत, दोनदा जाऊन विचारलं. पुढच्या वर्षी हा डबा शेजारच्या खोलीतली एस.वाय.ची मुलगी घेणार आहे. लाल दोरा त्यातच ठेवलाय.